वळणावरचा पांढरा टायर

नोएमी गाविरियाच्या दुकानाला पाटी नाही. दाराबाहेरच्या खांबाला ट्रकचा एक जुना टायर टांगलेला आहे, तीच पाटी. आमच्या गावातून वर कॉफीच्या मळ्यांकडे जाणारा डांबरी रस्ता एकच आणि तो तिच्या दारावरून जातो. जीप असो, दुधाची गाडी असो की पाद्रीबाबांचा खटारा असो, तिच्यासमोरून गेल्याशिवाय कुणाला वर जाता येत नाही. पंक्चर काय, कुणीही काढतं. खाली बाजारात पंक्चर काढणारे तिघे आहेत आणि तिघेही हिच्यापेक्षा हसतमुख आहेत. तरी लोक चढण चढून हिच्याकडे येतात, ते तिच्या कानासाठी.

"गाडी आवाज करतेय" असं कुणी म्हणालं की ही बाई जॅकला हात लावत नाही. हात पुसते, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसते, काच खाली करते आणि म्हणते, "चल, वर घे." दुकानापासून एर्रादुराच्या वळणापर्यंत दोन किलोमीटरचा तुकडा आहे. डांबर बरं आहे आणि एका अंगाला डोंगराची उभी भिंत आहे, त्यामुळे चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत खिडकीत येतो. ती डोळे मिटून बसते. मध्येच एखादा शब्द बोलते. "चाळीसवर ने." "आता पाय काढ." "जरा डावीकडे." वळण यायच्या थोडं आधी दुधाच्या कॅनचा ओटा आहे, तिथे आली की म्हणते, "बस, फिरव." आणि निकाल सांगते.

"मागचं उजवं चाक. टायरच्या नक्षीचे दात करवतीसारखे झिजलेत. दोन वर्षांत चाकांच्या जागा बदलल्या नाहीस ना? लाज वाटत नाही तुला?"

एकदा शहरातला एक डॉक्टर मोठी नवीन गाडी घेऊन आला होता. चारही टायर बदलून टाका म्हणाला, घुमणारा आवाज सहन होत नाही. नोएमीने गाडी ऐकली आणि म्हणाली, "टायरला काही झालेलं नाही. पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. गॅरेजात जा, माझ्याकडे तुमचं काम नाही." चार टायर विकायचे सोडून गिऱ्हाइकाला हाकलून देणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. पाद्रीबाबांच्या गाडीतली टकटक महिनाभर गाजत होती. हिने टायरच्या खाचेतून करंगळीएवढा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या, सैतान सापडला." पाद्रीबाबा त्यावर आठवडाभर हसत होते.

टायर निवडायला आलेल्या माणसाचं तर ती डोकंच खाते. रस्ता कुठला, ओझं किती, पावसात जाता का, गाडीत कोण बसतं. मग टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचून दाखवते, टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली तयार झाला ते. बाजारातून स्वस्तात काळेभोर चकचकीत टायर आणणाऱ्या एकाला ती म्हणाली होती, "हा तुझ्या धाकट्या पोरापेक्षा वयाने मोठा आहे. वरची चकाकी बुटाच्या पॉलिशची आहे. रबर म्हातारं झालं की कडक होतं, आणि कडक झालं की आधी ओरडतं, मग फाटतं. तो ओरडतोय तोवर ऐक."

अशी ही बाई. नवरा एरिबेर्तो फार वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्याकडे गेला तो परत आला नाही. त्याचा हवेचा कॉम्प्रेसर आणि रबर कापायचं पातं मागे राहिलं. मूलबाळ नाही. सगळा गाव तिला मानाने दोन्या नोएमी म्हणतो. माद्रिना म्हणणारी एकच, देर्ली. बाप्तिस्म्याच्या पाण्याशी नोएमीने तिला हातात धरलं होतं, म्हणजे ती देवासमोर झालेली आई, आणि देर्लीच्या आईबापांची कोमाद्रे. दर रविवारी देर्ली मक्याच्या गरम आरेपा आणि ताजं चीज घेऊन खाली उतरायची आणि दोघी दाराशी बसून गुळाच्या कढत पाण्याबरोबर खायच्या. नोएमीच्या आठवड्यात तेवढंच काय ते माणसांचं होतं. बाकी सगळं रबर.

आता त्या पात्याविषयी सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

गुळगुळीत झालेल्या टायरवर तापवलेल्या पात्याने नव्या खाचा कापायचा धंदा आमच्याकडे जुना आहे. ट्रकच्या काही जाड टायरांना तो चालतो, ते तसेच बनवलेले असतात. जीपच्या टायरला चालत नाही. पण डोंगरातल्या माणसाला नवा टायर म्हणजे अर्ध्या हंगामाची कॉफी. म्हणून सगळेच कापून घ्यायचे आणि सगळेच कापून द्यायचे. नोएमीने वीस वर्षं कापले. तिच्याइतकं सरळ कुणी कापत नसे. प्रत्येक कापणाऱ्याचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. तिच्या हाताची खूण अशी की खाच संपताना पातं उचलायच्या वेळी मनगट किंचित डावीकडे वळायचं आणि टोकाला एक बारीक आकडी राहायची. ते तिला कधी सुधारता आलं नाही. ओळखणारे ती आकडी पाहून म्हणायचे, हा दोन्या नोएमीचा टायर.

अकरा वर्षांपूर्वी ओविदियो ओकाम्पो, देर्लीचा बाप, कॉफीची पोती भरून 'लाडकी' घेऊन खाली येत होता. लाडकी म्हणजे त्याची जीप. पुढच्या काचेखाली हे नाव लाल रंगात लिहिलेलं होतं. एर्रादुराच्या वळणावर ती दरीत गेली. कुणी म्हणालं धुकं होतं, कुणी म्हणालं ब्रेक गेले, पोलिसांनी लिहिलं वेग जास्त होता. ओविदियो त्याच दिवशी गेला. जीप दोर लावून वर ओढायला गावातले दहाजण गेले होते, त्यात नोएमी होती. पुढचं डावं चाक तिनेच सर्वांत आधी पाहिलं. टायर खाचेत फाटला होता. जिथून फाट सुरू झाली, तिथे आकडी होती.

ती बोलली नाही. आपण म्हणू, का बोलली नाही. मीही पुष्कळदा म्हटलंय. त्या दिवशी मार्लेनी, ओविदियोची बायको, तिच्या गळ्यात पडून रडत होती, पंधरा वर्षांची देर्ली तिचा हात सोडत नव्हती, आणि शब्द बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी तो आणखी जड झाला. महिन्याने तर त्याचा विषयच राहिला नाही. तिने कापायचं पातं खोलीत टांगून ठेवलं आणि लोकांना सांगितलं की डोळे कमी झालेत. लोकांनी ऐकून घेतलं, कारण पन्नाशीला डोळे कमी होतातच.

तिला जे सर्वांत जास्त जड गेलं ते पुढे झालं. ड्रायव्हर जिथे दगावतो तिथे त्याची जागा बांधायची पद्धत आहे. लोकांनी वळणावर ड्रायव्हरांना सांभाळणाऱ्या कार्मेनच्या माउलीची लहानशी देवळी बांधली, तिथे ड्रायव्हर आपापल्या गाडीचे जुने दिवे आणून ठेवतात. आणि मार्लेनीने हट्ट धरला की ओविदियोच्या जीपचं तेच चाक तिथे हवं. मग तो टायर दगडी चौथऱ्यावर आडवा ठेवला, फाटलेली बाजू भिंतीकडे केली, आत माती भरून तांबडी जेरेनियमची फुलं लावली. बाहेरून पांढरा रंग द्यायचा होता. "मी देते," नोएमी म्हणाली. तिनेच दिला, चांगला जाडजूड, एकेका खाचेत ब्रश घालून. तेव्हापासून दर वर्षी सोळा जुलैला, माउलीच्या सणाला, गाड्यांची मिरवणूक निघायच्या आधी देर्ली आणि तिची आई टायरला रंगाचा नवा हात देतात. रंगाचा डबा नोएमीच्या दुकानातून जातो. ती स्वतः मात्र कधी गेली नाही. गाड्या ऐकायला वर निघते तेव्हाही दुधाच्या ओट्याशीच फिरवायला का लावते, ते आता तुम्हाला कळलं असेल. गावाला वाटत होतं की वळण अरुंद आहे म्हणून.

लाडकी मार्लेनीने विकली नाही. परसात गंजत पडलेली जीप देर्लीने मोठी झाल्यावर ठोकून सरळ करून घेतली, बापाचं लायसन्स भिंतीवर लावलं आणि स्वतःचं काढलं. गेली तीन वर्षं ती वरच्या वाडीतली तेरा मुलं शाळेत आणते आणि परत नेते.

जूनच्या शेवटी, शाळेच्या सुट्टीत, एका मंगळवारी नोएमी दाराशी ट्यूबला ठिगळ लावत बसली होती. लाडकी दुधाच्या ओट्यापाशी होती तेव्हाच तिला आवाज आला. घोंघावणारा, चढउतार असलेला. जीप येऊन थांबेपर्यंत तिचा निकाल तयार होता.

देर्ली उतरली. "माद्रिना, पोरं म्हणतात गाडीत मधमाश्यांचं पोळं आहे. मागे बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मला तर घरी गेल्यावरही कानात तेच."

"चिखलाचे टायर घालून डांबरावर फिरशील तर काय होणार? तुझ्याकडे कच्चा रस्ता किती?"

"चार किलोमीटर."

"आणि डांबर अठरा. चार किलोमीटरच्या चिखलासाठी अठरा किलोमीटर कान फोडून घेतेस. हात आण इकडे." नोएमीने तिचा तळवा धरून टायरवर फिरवला, आधी एका दिशेने, मग उलट. "इकडून जाताना हात घसरतो, तिकडून अडकतो. लागलं का? प्रत्येक दात एका बाजूला झिजलाय, तोच आपटतोय. आणि उरलंय काय? पैशाच्या नाण्याची कड बुडत नाही एवढीशी नक्षी."

"घेऊ कुठले मग?"

"मधे सलग पट्टी आणि कडेला दात, असे घे. डांबरावर गप्प राहतात आणि तुझ्या चार किलोमीटरला पुरतात. चारही एकाच घराण्याचे. आणि पाच महिन्यांनी मला दाखव, जागा बदलून देते. नाहीतर हेच होईल."

देर्ली जीपला टेकून उभी राहिली. आपल्याला हवं ते कसं मागावं याचा विचार करताना ती बापासारखीच खालचा ओठ चावायची.

"चार नवे आत्ता नाही जमत, माद्रिना. पण शाळा उघडायच्या आत नगरपालिकेचा माणूस नक्षीची खोली मोजायला येणार आहे. त्यात बसले नाही तर मुलांचं काम दुसऱ्याला जाईल. तुम्ही कापून द्या ना. डिसेंबरपर्यंत चालले की झालं. पप्पा म्हणायचे, तुमच्यासारखं कापणारं या डोंगरात कोणी नाही."

नोएमीच्या हातातलं ठिगळ खाली पडलं. ते उचलून तिने उगाच पुसलं. "माझे डोळे गेलेत, ठाऊक आहे ना तुला?"

"मगाशी सुईएवढं छिद्र शोधत होतात."

"जीपचे टायर कापायचे नसतात, देर्ली. आत रबर उरत नाही. मुलं बसवतेस तू."

"पप्पांचे कापलेलेच होते. वीस वर्षं तसल्याच टायरांवर गाडी चालवली."

ती हे अगदी सहज म्हणाली. नोएमीने दुकानात रचलेल्या नव्या टायरांकडे पाहिलं. मग तिला एक वाट दिसली आणि तिने ती घाईने धरली. "चार नवे मी घालून देते. जमेल तेव्हा दे. नाही दिलेस तरी चालेल."

देर्ली हसली नाही. "तुम्ही तर कुणाला हवासुद्धा उधार भरून देत नाही. मलाच का?"

"तू माझी मुलगी आहेस म्हणून."

"पप्पांनी कधी कुणाचं फुकटचं चाक घेतलं नाही. मी पण नाही घेणार. तुम्हाला नाही जमत तर राहू दे. खाली शहरात एक जण कापून देतो, अर्ध्या तासात. शनिवारी जाते." ती जीपमध्ये बसली आणि नंतर जरा नरमाईने म्हणाली, "रागावू नका. रविवारी येते आरेपा घेऊन."

बुधवार गेला, गुरुवार गेला. नोएमीने दोन ट्रकची चाकं काढली आणि एका माणसाला उलटसुलट बोलून परत पाठवलं. डोक्यात एकच हिशोब होता आणि तो फार सोपा होता. गप्प राहिलं तर रविवारी आरेपा येतील, आणि शाळा उघडली की तेरा मुलं कापलेल्या टायरांवर एर्रादुरा उतरतील. सांगितलं तर मुलगी हातची जाईल. तिसरं काही नव्हतं. तिने पुष्कळ शोधलं. पाद्रीबाबांकडून सांगवावं, मार्लेनीकडून अडवावं, नगरपालिकेच्या माणसाला हळूच कळवावं, सगळं मनात करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तिची तिलाच शिसारी आली. अकरा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते आता दुसऱ्याच्या तोंडून बाहेर काढायला ती निघाली होती.

शुक्रवारी दुपारी लाडकी बाजारातून परत येताना ऐकू आली तशी ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"माद्रिना? काय झालं?"

"मला वर ने."

देर्लीला वाटलं गाडी ऐकायची आहे. तिने काच खाली करून दिली. जीप घोंघावत वर निघाली. नोएमीने डोळे मिटले नाहीत. दुधाचा ओटा आला तशी देर्लीने सवयीने वेग कमी केला.

"पुढे. वळणावर."

देर्लीने तिच्याकडे पाहिलं, पण गाडी पुढे घेतली. वळणावर दोघी उतरल्या. देवळीत वीसपंचवीस जुने दिवे होते, काही फुटके. टायरवर अकरा वर्षांचा रंग साचून पोपडा झाला होता, आणि जेरेनियम चांगलं फुललं होतं. नोएमीने एप्रनच्या खिशातून चाकू काढला, गुडघे टेकले आणि भिंतीच्या बाजूला हात घालून रंग खरवडायला लागली.

"काय करताय तुम्ही? आई मला मारून टाकेल."

नोएमी थांबली नाही. तळहाताएवढी जागा काळी झाली तेव्हा ती बाजूला सरकली. "इथे बघ. खाचेचं टोक. आकडी दिसते?"

"दिसते."

"तो माझा हात आहे. आणि टोकाच्या तळाशी बघ, तांबूस रेघ आहे ती आतली तार. ती कधी दिसायला नको असते. तुझ्या बापाचा टायर मी कापला होता. इथून फाटला तो. धुकं नाही, ब्रेक नाही. हे."

देर्ली वाकली होती, ती तशीच राहिली.

"सुगी आठवड्यावर आली होती," नोएमी म्हणाली. "तो म्हणाला, कोमाद्रे, अजून थोडं खोल घ्या, एवढा हंगाम निघू दे. मी घेतलं. पातं रबरात असतं तेव्हा नुसतं सुस्कारल्यासारखं वाजतं. तारेला लागलं की करकर करतं. त्या टायरला ते करकरलं. एकदाच. मी ऐकलं होतं, देर्ली. सगळं गाव ज्या कानाचं कौतुक करतं ना, त्याच कानाने ऐकलं होतं. त्याला म्हणायला हवं होतं, हा टायर मेला, फेकून दे. पण तो समोर गुळाचं पाणी पीत बसला होता, घाईत होता, आणि मला वाटलं एवढ्याने काय होतंय."

खालून दुधाची गाडी आली, हॉर्न देऊन माउलीला नमस्कार करून गेली. देर्ली सरळ उभी राहिली.

"आईला माहितेय?"

"नाही. तू म्हणशील तेव्हा मी जाऊन सांगते."

"पहिला रंग तुम्ही दिला होता." देर्लीचा आवाज चढला नव्हता. "मला आठवतंय. डबा मी धरला होता."

नोएमीने चाकू पुसून खिशात टाकला. ती म्हणाली, "उद्या शहरात जाऊ नकोस. एवढंच मागते. बाकी माझं काय करायचं ते कर."

परत येताना चाकं घोंघावत राहिली. दुकान आल्यावर देर्लीने गाडी उभी केली आणि समोर बघत बसली. नोएमी उतरली. तिचे गुडघे मातीने भरले होते.

शनिवारी आठ वाजता लाडकी घोंघावत खाली गेली, शहराच्या दिशेने. नोएमी दिवसभर दारात बसून राहिली. दोघा गिऱ्हाइकांना तिने सांगितलं की कॉम्प्रेसर बिघडलाय. दुपारपर्यंत तिने मनातल्या मनात ते पातं दहा वेळा करकरताना ऐकलं. चारच्या सुमाराला ती पाणी प्यायला आत वळली आणि परत आली तेव्हा चढावर एका जीपची पाठ दिसली. मागचे टायर नवे होते, मधे सलग पट्टी, कडेला दात. लाडकी दारावरून निघून गेली होती आणि तिला ऐकूसुद्धा आली नव्हती. नोएमी उंबऱ्यावर बसली आणि कितीतरी वेळ रडली. त्यात सुटल्याचं किती होतं आणि दुःखाचं किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. देर्लीने पैसे कुठून उभे केले ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि विचारायला नोएमीला तोंड नव्हतं.

रविवारी आरेपा आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. शाळा उघडली. लाडकी रोज सकाळी तेरा मुलं घेऊन खाली जायची, दुपारी वर जायची, मुलं हात हलवायची, देर्ली समोर बघायची. मार्लेनीही आली नाही, भांडायलासुद्धा नाही. रंगाचा डबा न्यायला कुणी आलं नाही. नोएमीने तो दाराशी काढून ठेवला होता. पंधरा तारखेला संध्याकाळी तिने तो परत आत ठेवला.

सोळा जुलैला सकाळपासून खाली चौकात गाड्या जमत होत्या. फुगे, केळीची पानं, कागदी फुलं. मिरवणूक दहाला निघून चढाने देवळीवरून वरच्या वाडीकडे जाणार होती. साडेनऊच्या सुमाराला लाडकी वरून उतरली आणि दुकानासमोर थांबली. पुढच्या जाळीला तांबडी जेरेनियमं बांधली होती. मागे कुणी नव्हतं.

देर्ली खाली उतरली नाही. "बसा," ती म्हणाली. "आज मुलं घेऊन मिरवणुकीत जायचंय. टायर साडेचारशे किलोमीटर चाललेत. ऐका."

नोएमीने हात पुसले आणि बसली. काच खाली केली. डोळे मिटले. देर्लीला काही सांगावं लागलं नाही. तिने आपणहून चाळीसवर नेली, पाय काढला, जरा डावीकडे घेतली, जरा उजवीकडे. भिंतीवरून परत येत होता तो नुसता वारा, आणि रबर डांबराला चिकटून सुटतानाचा बारीक सरसर आवाज. नोएमीने इतकं लक्ष देऊन आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. दुधाचा ओटा मागे गेला, तरी गाडी थांबली नाही. वळणावर थांबली.

"काही ऐकू येतं?"

"नाही. चाकं गोल आहेत, हवा बरोबर आहे. काही नाही."

"नक्की? या वेळी ऐकलं असतंत तर सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं."

देर्लीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर नोएमीला बरं वाटलं असतं.

"मग उतरा, दोन्या नोएमी."

माद्रिना नाही. गावातला कुणीही म्हणतो तसं, मानाने. नोएमी उतरली. देर्लीने जीप पुढे काढली आणि मुलांना घ्यायला वर निघून गेली.

टायरला नवा रंग दिला होता. कुठून आणला कोण जाणे, पण पांढराशुभ्र होता, काठाकाठाने नीट दिलेला, चौथऱ्यावर एक थेंब सांडलेला नव्हता. माती ओली होती. टायर चौथऱ्यावर फिरवून ठेवला होता, भिंतीकडची बाजू आता रस्त्याकडे आली होती. तिथे तळहाताएवढी जागा तशीच काळी सोडली होती. ब्रश तिच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. खाचेचं टोक, आकडी, तळाशी तांबूस रेघ, सगळं उघडं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काय आहे हे कळणार नव्हतं. वाटलं असतं की रंग संपला.

नोएमी त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिने एप्रनच्या टोकाने त्या काळ्या जागेवरची धूळ पुसली आणि चालत उतारावर निघाली. अर्ध्या रस्त्यात खालून हॉर्न ऐकू यायला लागले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाड्यांना जायला वाट दिली.